मनीषाची सहा मिनिटं

माझं माहेर जेऊर. वडील स्टेशनात कामाला होते आणि त्यांचा डबा घेऊन पळत जायचं काम माझं, कारण त्यांची जेवणाची सुट्टी म्हणजे दोन गाड्यांच्या मधला वेळ, तेवढ्यात डबा पोचला तर पोचला. वडील म्हणायचे, पोरी, गाडी कवा आली ते हाय तसं सांगायचं, आपल्या सोयीनं न्हाय. ते डोक्यात बसलं. आता मी सोलापुरात बस स्टँडवर कंट्रोलर आहे, बावीस वर्षं झाली, मोहोळची गाडी पाच मिनिटं उशिरा सुटली तर मी पाचच लिहिते, ड्रायव्हर किती का गोड बोलेना. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल ही बाई असलीच असणार. तशी नाही हो मी.

पळायला लागले चाळिशी उलटल्यावर. शुगर निघाली, डॉक्टर म्हणाले रोज चाला, मी म्हटलं चालण्यात तास घालवण्यापेक्षा पळून मोकळं व्हावं. गेल्या वर्षी इथल्याच मॅरेथॉनमध्ये एकवीस किलोमीटर पळाले आणि मेडल टीव्हीच्या वर खिळ्याला लावलं. घरात एकच मेडल, माझं. ते बघून धाकटी जाऊ, मनीषा, वरच्या मजल्यावर राहते, ती म्हणाली, आक्का, मला बी न्या की. मीच नेलं. नव्या पेठेतनं बूट मीच घेऊन दिले, एक नंबर मोठा घे, पाय सुजतात, हेसुद्धा मीच सांगितलं.

आणि काय सांगू तुम्हाला, सहा महिन्यांत तिला धापसुद्धा लागेना. मी पळून आले की पंधरा मिनिटं कठड्यावर बसायचे, ही आली की लगेच कुकर लावायची. सासूबाई म्हणायच्या, मनीषा कशी अलगद पळती. आमचे हे म्हणाले, तुझं पाऊल लांबनं ऐकू येतं, तिचं येत न्हाय. ऐकून घेतलं आणि चहा करून दिला, साखर विसरले.

आमच्या पळायच्या गटात सहाजणी. मी पहाटे आधी माझे दहा किलोमीटर उरकायची, मग बाकीच्या आल्या की स्टँडवर गाड्या सोडतात तसं दोन-दोन मिनिटांनी एकेकीला त्याच दहाच्या वाटेवर सोडायची, परत आल्या की घड्याळ बघून वहीत लिहायची. वही माझी, घड्याळ माझं, शिट्टी माझी. माझी वेळ एक तास बारा मिनिटं. एका गुरुवारी मनीषा आली एक तास आठ मिनिटांत. मी लिहिलं एक तास चौदा. लई सरळ अक्षरात लिहिलं. पुढच्या खेपेला पुन्हा सहा वाढवली. अशी नऊ वेळा.

मग आला यंदाच्या मॅरेथॉनच्या आधीचा शेवटचा आठवडा, दोघींची नावं एकवीसला. कॅलेंडरच्या मागं माझी यादी तयार: सोमवारी नखं कापायची, मंगळवारी रजेचा अर्ज, गुरुवारपासून शेंगाचटणी बंद, नवे मोजे घालायचे नाहीत, नंबरचे कागद लावायला पिना आठ, चार माझ्या चार मनीषाच्या. रात्रंदिवस एकच काळजी, गुडघ्याची नव्हे, ती माझ्या किती पुढं जाईल याची. बुधवारी सकाळी मनीषा खाली आली. आक्का, म्हणाली, माझं नाव एकवीसमधनं काढून दहात घाला, आज शेवटचा दिवस हाय ना बदलायचा? मी म्हटलं का गं? तर म्हणते, वहीत बघितलं की, माझा वेळ कमी व्हायचं नाव घेईना, एकवीसला मदीच बसले तर लोक हसतील, तुमचं बी नाव खराब.

नाव बदलायला एक फोन पुरे होता. मोबाईल हातातच होता. घरात एकच मेडल राहिलं असतं एकवीसचं, आणि मी काही केलंसुद्धा नसतं, तीच म्हणाली होती ना. तेवढ्यात ती म्हणाली, माझा मोबाईल कमी वेळ दाखवतो, पण मी म्हटलं मोबाईलच बिघडलाय, आक्कांची वही चुकायची न्हाय.

मग राहवेना. म्हटलं मनीषा, बस. वहीच चुकलीय. मी चुकवलीय.

मी वाट बघतेय, आता रडेल, सासूबाईंना हाक मारेल. तर म्हणाली, पेन घ्या. तिनं मोबाईलमधनं एकेक तारीख वाचली आणि मी एकेक आकडा खोडून खरा लिहिला, तिच्यासमोर, नऊच्या नऊ. झाल्यावर वही उचलली. ह्याच्यापुढं वही माझ्याकडं, म्हणाली, आणि चहा न घेता वर गेली.

आज शनिवार. नंबरचे कागद दोघींच्या शर्टांना मीच लावले, तिचा दोनदा काढून सरळ केला. बोलते आता, कामापुरतं. उद्या मी पोचेन तेव्हा ती आधीच पोचून वही घेऊन उभी असणार आणि माझी वेळ लिहिणार, एक मिनिट इकडं न तिकडं. जळतं हो अजून, खोटं कशाला सांगू. पण पळ बाई, सुखानं पळ, पाय धड राहू दे तुझे. मी येते मागनं.