दोनशे बारा क्लिक

कारखान्यानं घरी बसवलेले लक्ष्मीकांत गोरव्याला जाणाऱ्या बसच्या रांगेत उभे होते. पुढे कॉम्प्युटर कंपनीतल्या दोघी तावातावानं बोलत होत्या.

“मुग्धा, ‘स्वेच्छानिवृत्ती मान्य’ हे बटण कामगारांनी स्वतः दाबायचं होतं ना?”

“साहेब म्हणाले, त्यांना माऊस धरायला कोण शिकवत बसणार? तूच बटण आपोआप दाबणारी स्क्रिप्ट लिही.”

“आणि तू लिहिलीस?”

“एक्सप्लोरर ब्राउझरमध्ये एका ओळीत झालं असतं. आमच्याकडे फायरफॉक्स, त्याला खोटा क्लिक बनवून द्यावा लागला.”

“मी कसं केलंस ते विचारत नाहीये.”

“माझ्यावर कशाला भडकतेस, मालविका? दोनशे बारा जण होते, चार सेकंदांत झाले.”

लक्ष्मीकांतांनी खिशातलं कारखान्याचं निवृत्तीचं पत्र उलगडून दोघींच्या मध्ये धरलं.

“ताई, मी मंगळवारी अकरा वाजता बटण दाबलं म्हणे. अकराला मी भट्टीपुढे होतो.”