विमानाचा एक तास

अध्यक्षस्थानी बसलेल्या सरपंच शिवकन्याताई, त्यांच्या बाजूचे उकंडरावमामा, खुर्ची मिळालेले नि न मिळालेले समदे पाव्हणे आन् आमच्या बचत गटाच्या बायांनो, तुमा सगळ्यांना शालूबाईचा नमस्कार. कोणाचं नाव राहिलं असंल तर राग धरू नका, जेवण थंड होऊन राहिलंय.

शकुबाईनं इथल्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून दोन पिढ्यांची लेकरं जेवू घातली. शाल झाली, नारळ झाला. उद्या ती पोराकडं पुण्याला चालली. कायमची. पोरगं, विश्वंभर, पुढंच बसलंय. ते मला म्हणतं, "शालूमावशी, काळजी काहून करता? नांदेडहून पुणं विमानानं एक तास."

एक तास. मी उभी राहिले ती याच्यावरच बोलायला.

मंडळी, हा तास आपण बघितलेला हाय न्हाई का? मागच्या साली शकुबाईचे मालक तातेराव पहाटे गेले. पोराला फोन केला. ते म्हणालं, "थांबा, विमानानं येतो." उकंडरावमामांनी हिशेब केला. एका तासाचं विमान, नांदेडहून इथवर जीप, न्याहारीच्या टायमाला माती. देवळाच्या भोंग्यावर तसं सांगूनबी टाकलं. माती होईस्तोवर गल्लीत चूल पेटत न्हाई, ही आपली रीत. म्हणलं, एवढ्यात काय जातंय?

दुपार झाली. मामा अंगणात उभे राहून वर बघून राहिले. एक विमान लई उंचावरून गेलं. मामा म्हणाले, "आलं!" आमच्या गटातली रुक्माबाई म्हणाली, "मामा, ते आपलं न्हाई. ते हितं थांबत न्हाई."

मागून कळलं, त्या दिवशी विमानच नव्हतं. रोज नसतं ते. त्या तासाच्या आधी वार असतो, तिकीट असतं, पुण्याची गर्दी असते. ते कोणी धरतं का? पोरगं बिचारं भाड्याची गाडी करून दिवेलागणीला पोचलं.

तवर लेकरं भुकेनं रडून राहिली. बाया एकमेकींच्या तोंडाकडं बघत बसल्या. मग मयतापाशी बसलेली शकुबाईच बोलली, "शाले, चूल पेटव. खिचडी टाक. लेकरांना रीत कळत न्हाई." मी पेटवली. मामा, तुमीबी खाल्ली. मान हलवू नका, दोनदा घेतली.

अशी बाई आता त्याच एका तासावर चालली. मी मेले तर ही कवा पोचणार? मी काय वार बघून मरू?

शकुबाई, डोळे वटारू नको. आपलं दोघींचं एकच अंगण. सकाळी तुझा खोकला ऐकला की मी उठते. परवापासून कोणाच्या खोकल्यानं उठू? माझ्या मातीला तू येऊ नको. मला काय कळणार हाय तू आलेली? जित्तेपणी ये. विमानानं ये, एसटीत रातभर बसून ये, पण मला चहा करता येतोय तवर ये.

विश्वंभर, तिकीट काढणं तुझ्या हातात हाय, तिच्या न्हाई. दिवाळीला तिला आणून सोड, महिनाभर ठेव. सगळ्यांदेखत व्हय म्हण. मोठ्यानं.

म्हणाला. मंडळी, ध्यानात ठेवा.

सरपंचताईंनी बोलू दिलं, गटाच्या बायांनी मंडप घातला, त्यांचे उपकार. मी शिकलेली न्हाई. कमीजास्त बोलले असंल तर समद्यांनी पोटात घाला. विश्वंभरला लागलं असंल तर तेवढं लागू द्या. बसते.