नांगर सोडून लाल उतारावर

...सोडा म्हणे! स्कीचा मास्तर म्हणतो, ‘काका, आता तो नांगर सोडा!’ अहो, सोडा काय सोडा? तुम्हाला सांगतो, बर्फावर माणसाला आधार कुणाचा? नांगराचाच ना! दोन्ही स्कींची टोकं समोर जुळवायची, टाचा फाकवायच्या, की थांबलाच गाडा... आमच्या बुकोविना गावच्या गाढवकुरणावर इतके हिवाळे मी तेच केलं. गाढवकुरण म्हणजे शिकाऊंचा उतार, आमच्याकडे सगळेच तसं म्हणतात, मी नाही नाव ठेवलं! तिथं शेंबडी पोरं आणि आम्ही दोघं, मी आणि माझी बायको फेलित्सिया. ती झोकात वळणं घेत खाली, आणि मी आपला नांगर धरून!

पण खरं सुख वर जाण्यात हो! वर ओढणारा तो आडवा दांडा असतो ना, दोरीला मधोमध टांगलेला, दोघांत एक... बुडाखाली घ्यायचा आणि स्कीवर उभ्या उभ्या घसरत वर जायचं. फेलित्सिया माझ्या कोपराएवढी, मी हा असा ताडमाड. दोर ओढला गेला रे गेला, की ती कलंडायची ती थेट माझ्या कुशीत! मागच्या बायका म्हणायच्या, ‘बघा बघा, या वयात!’ मला काय, गुदगुल्या! वाटायचं, हा डोंगर संपूच नये.

आणि गेल्या हिवाळ्यात ती म्हणते, ‘म्हाताऱ्या, मी लाल उतारावर चालले. येतोस?’ लाल! अहो, लाल म्हणजे वरची इयत्ता, नुसतं खाली बघितलं तरी सकाळचं कोबीचं सूप वर येतं! म्हटलं, तू हो पुढं. झाली ना पुढं!... मग मी गुपचूप येंड्रेककडे शिकवणी लावली. डोंगरातला गडी, जिभेला हाड नाही. ‘काका, पाय समांतर! काका, वजन खालच्या पायावर! काका, नांगर शेतात!’ पडलो, उठलो, घरी सांगितलं जिन्यावरून घसरलो. का? तिला चकित करायचं होतं! लालवर जाऊन ऐटीत म्हणायचं होतं, चल गं, घे दांडा!

परवाच्या रविवारी उतरलो बघा लाल! नांगर न धरता! मीच, हो! खाली येऊन बघतो तर दांड्यावर कोण? फेलित्सिया! आणि शेजारी गेरार्ड, तो दातांचा डॉक्टर, उंचीला अगदी तिच्याएवढा. मी मान लांब करून न्याहाळलं, तर ती सरळ उभी! त्याच्याकडे तसूभर कलंडली नाही! म्हटलं, जिंकलो! कलंडते ती फक्त माझ्यावर!

ती फेरी मारून खाली आली. ‘म्हाताऱ्या! तू? लालवर?’ डोळे भरून आले हो तिचे. मी म्हटलं, ‘चल, घे दांडा. त्या दातवाल्याकडे तू कलंडत नाहीस, पाहिलं मी!’

‘अरे, मी कधी कलंडतच नव्हते... दांडा ढकलायचा मला. तू उंच, मी बुटकी; तो तुझ्या मांडीखाली यायचा, माझ्या पाठीत. इतकी वर्षं पाठ दुखली, पण सांगितलं असतं तर तुझं तोंड एवढंसं झालं असतं ना.’ मग माझी टोपी सरळ केली तिनं आणि म्हणाली, ‘ईस्टर झाला की मी गेरार्डकडे राहायला जाणार आहे.’

तुम्हाला सांगतो, सपाट जागेवर उभा होतो मी, सपाट! तरी पाय आपोआप फाकले. ती चालली, आणि मी आपला नांगर धरून!

मागून दांड्याची रांग ओरडायला लागली, ‘अहो, चढा नाहीतर सरका!’ तेवढ्यात एक नन आली पुढं, काळ्या झग्याखाली स्कीचे बूट, माझ्याएवढी उंच. ‘एकटेच आहात ना? चला.’ चला तर चला! निम्म्या वाटेत म्हणते, ‘डोळ्यांना वारा लागतोय का?’ म्हटलं, ‘हो सिस्टर, वाराच.’ ती आपली जपमाळ ओढत होती, मी नाक ओढत होतो... आणि काय सांगू तुम्हाला, जन्मात पहिल्यांदा दांडा दोघांच्याही बुडाखाली अगदी बरोब्बर बसला होता!