आईचा गुलाबी गॉगल

आमच्या घरमालकाला नावं ठेवायची नाहीत हां! योखेन शिकारी आहे. घरामागच्या मक्याच्या शेतात रानडुकरं शिरली की त्याची सेमी-ऑटोमॅटिक रायफल धडाडते. बायपासनंतर आई माझ्याकडे जर्मनीत कायझर्सलाउटर्नला आली आणि बंदुकीच्या प्रत्येक बाराला दचकून छातीवर हात ठेवायला लागली. मी योखेनला सांगितलं, तर तो मलाच घेऊन सायलेन्सर आणायला निघाला.

दुकानदार म्हणाला, "हा सगळ्यात शांत. पण तुमच्या रायफलला लावलात तर बाराचा धूर उलटा तुमच्या डोळ्यांत येईल. त्या दुसऱ्याचा धूर पुढे जातो, आवाज जरा जास्त."

मी म्हटलं, "आल्झो, मग दुसराच घ्या."

"नाइन, मुळीच नको," योखेन म्हणाला. "माझे डोळे चुरचुरले तर मी चोळीन. तुझी आई दचकायला नको."

घरी हे ऐकून आईनं कांदा चिरताना लावायचा तिचा गुलाबी पोहण्याचा गॉगल काढून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "योखेनभाऊंना दे."

परवा तो खरंच गॉगल लावून शिकारीला गेला! बार झाला, आई दचकली नाही. कांदा चिरत होती, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि चेहराभर हसू.