सासूसमोरची ओळखपरेड

(केनियातल्या बुंगोमाचा तुरुंग. भेटीच्या खोलीत जाळीच्या अलीकडे वकीलबाई वंगेची, पलीकडे कच्चा कैदी खाएंबा.)

वंगेची : पण तुम्हाला विचारलं होतं ना? ओळखपरेडीला वकील हवा का, निदान ओळखीचं माणूस?

खाएंबा : विचारलं की. साहेब सभ्य होता. मी म्हटलं, कर नाही त्याला डर कशाला? दरोडा पडला त्या गिरणीत लाल मातीची पावलं दिसली म्हणून आम्हा वीटभट्टीवाल्यांना उचललं. वकील मागितला असता तर सगळे म्हणाले असते, चोराच्या मनात चांदणं.

वंगेची : आणि तसं लिहून सही ठोकलीत. राखणदाराचा हात तोडलाय, खाएंबा. हत्यारानं दरोडा म्हणजे फाशीचं कलम आहे! पोलिसांनी लिहिलंय, साक्षीदार बाई समोर येताच आरोपीने तोंड फिरवलं. का फिरवलंत?

खाएंबा : सासूकडे कोण बघतं?

वंगेची : सासू? जिची गिरणी लुटली ती?

खाएंबा : बायकोची धाकटी मावशी. म्हणजे सासूच. तुम्ही पडलात नैरोबीच्या. आमच्या बुकुसू जमातीत वाटेत सासू दिसली की जावई झुडपात शिरतो. ठाण्याच्या अंगणात झुडूप कुठून आणू? वळलो भिंतीकडे.

वंगेची : अहो, मग त्यांनी जावयाला ओळखलं कसं नाही?

खाएंबा : लग्न झाल्यापासून माझं तोंड पाहिलंय कुठं त्यांनी? मी मात्र त्यांना चालीवरून ओळखतो. लांबून ओळखलं नाही तर लपणार कधी?

वंगेची : देवा! बाकीचे सगळे ताठ उभे आणि एकटा तोंड लपवतोय. कुणीही त्यालाच धरलं असतं. बायकोनं सांगितलं का मावशीला?

खाएंबा : सांगितलं. पण बाई, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला हो! चोर दिसला की हात ठेवा, असं साहेबानंच सांगितलेलं. सासूनं जावयाला शिवायचं म्हणजे... आता मी चोर ठरलो तर त्या सुटल्या. जावई ठरलो तर गावात कुठल्या तोंडानं फिरतील?

वंगेची : म्हणजे उद्या कोर्टात त्या...

खाएंबा : चोरच म्हणतील. बायकोला म्हणाल्या, तो तुझा नवरा होता हे मला ठाऊक नाही, करूनही घ्यायचं नाही. बायको पोरींना घेऊन माहेरी गेली. संपलं माझं.

वंगेची : मी विचारीन त्यांना, उलटसुलट विचारीन. पण तुमची सही आहे कागदावर. खोटी आशा नाही लावत.

खाएंबा : त्या दिवशी तुम्ही असतात तर काय केलं असतंत?

वंगेची : म्हटलं असतं, थांबा. ही याची सासू आहे, परेड बंद करा.

खाएंबा : एवढंच?

वंगेची : एवढंच. अहो, हे तर तुम्हीसुद्धा बोलू शकला असतात!

खाएंबा : सासूच्या देखत? जावयानं तोंड उघडायचं नसतं, बाई.