घरभर हुंगून पाहिलं

जनावरांच्या दवाखान्यात कुत्र्याला घेऊन आलेल्या घड्याळजीचा नंबर अजून लांब होता. कुत्रा त्याच्या पायाशी पेंगत होता. शेजारी दोघी बहिणी होत्या, थोरलीच्या मांडीवर मांजराची टोपली. मांजर गप्प होतं; थोरलीलाच काही केल्या स्वस्थ बसवत नव्हतं.

“डॉक्टर विचारतील, मनी वाळूच्या पेटीत का जात नाही, मोरीतच का जाते,” धाकटी म्हणाली.

“मला काय ठाऊक? दिवसातून चारदा वाळू बदलते. पेटी फिनेलने घासते.”

“अगं ताई, त्या फिनेललाच ती भ्यायलीय. घाण तेवढी सकाळ-संध्याकाळ उचलावी. पेटी आठवड्यातून एकदा साध्या साबणाने धुतली तरी पुष्कळ.”

“तुला नाक आहे, तू बोलशील. त्या तापानंतर मला दूध करपलेलंसुद्धा कळत नाही. घरात वास येतो म्हणून सून बाळाला आणत नाही. तसं म्हणालीय ती.”

“म्हणून तर मी काल मुक्कामाला आले ना. घरभर हुंगून पाहिलं.”

“मग? तोंडदेखलं सांगू नकोस.”

“फिनेल सोडून कसलाच वास नाही.”

“पेटीपाशी?”

“पेटीत नाक घातलं मी. नाही.”

“पडद्यांना?”

“नाही गं. मागच्या खेपेलाही नव्हता.”

थोरलीने टोपलीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. घड्याळजीने कुत्र्याचा पट्टा उगाचच हाताला गुंडाळला.

“थोडा तरी येत असेल,” थोरली म्हणाली. “नीट आठवून बघ.”