आमच्या ह्यांचा स्टोमा आणि तुमचा डेपो

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेले डेपो मॅनेजर साहेब, कामगार संघटनेचे सन्माननीय सेक्रेटरी, माझ्या यजमानांच्या बरोबरीनं आयुष्यभर गाड्या चालवलेले सगळे ड्रायव्हर बंधू, कंडक्टर बंधू-भगिनी, वर्कशॉपमधली मंडळी, आणि ह्यांच्या निरोप समारंभाला येऊन खुर्ची न मिळाल्यामुळे मागे दाराशी ताटकळत उभे असलेले तुम्ही सगळे, सर्वांना माझा नमस्कार.

मघाशी सूत्रसंचालक माझ्या कानात म्हणाले, "वहिनी, दोन शब्द बोला फक्त, मग चहा आहे." चहा जरा गार होईल, त्याबद्दल आधीच दिलगिरी व्यक्त करते.

मी शिवणकाम करणारी बाई. भाषण करणं हा काही माझा धंदा नाही. येताना मनाशी ठरवलं होतं, की सगळ्यांचे आभार मानायचे, हे घरी कांदा चिरताना कसे रडतात ते सांगायचं, तुम्हाला हसवायचं आणि खाली बसायचं. पण गेला तासभर मी इथे बसून भाषणं ऐकली. फार सुंदर झाली. ह्यांना तुम्ही सगळे 'अलगदराव' म्हणता, कारण ह्यांनी ब्रेक लावला तर उभ्या माणसाच्या हातातला पेलासुद्धा हिंदकळत नाही, हे ऐकून मला अभिमान वाटला. पण प्रत्येक वक्त्याची गाडी एका ठिकाणी आली की अडखळत होती. एक म्हणाले, "मधल्या काळातला तो त्रास." दुसरे म्हणाले, "ते पोटाचं." सेक्रेटरी साहेब तर म्हणाले, "ते जे काही झालं." आणि मॅनेजर साहेब म्हणाले, "त्या दिवसांत डेपोनं त्यांना सांभाळून घेतलं."

तिथे माझं डोकं फिरलं.

त्या 'जे काही'ला नाव आहे. स्टोमा. तीन अक्षरंसुद्धा नाहीत, अडीच आहेत. जीभ झडत नाही उच्चारून. ह्यांचं मोठं आतडं सडलं होतं, ते डॉक्टरांनी काढून टाकलं आणि लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर आणून शिवलं. बेंबीच्या उजवीकडे, खाली. ओठाच्या आतल्या बाजूसारखं लालबुंद आणि ओलसर असतं. त्यावर पिशवी चिकटवतात. तुम्ही जे संडासात जाऊन करता, ते ह्यांचं त्या पिशवीत होतं. झालं सांगून. कुणी चक्कर येऊन पडलं का? नाही ना?

ऑपरेशनच्या आधीची वर्षं तुम्हाला आठवतात का हो? आतड्याला जखमा झाल्या होत्या. दिवसातून पंधरा-पंधरा वेळा पळावं लागायचं, तेही रक्त पडत. ड्युटीच्या दिवशी हा माणूस पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. रूटवरच्या प्रत्येक हॉटेलवाल्याशी ह्यांनी ओळख करून ठेवली होती. मला वाटायचं, किती बोलका स्वभाव! ओळख कशासाठी, तर मागच्या दारानं आत जाता यावं म्हणून. एकदा भर रस्त्यात गाडी बाजूला घेऊन हे एका औषधाच्या दुकानात धावत गेले. परत आले तेव्हा पॅसेंजर शिव्या घालत होते. तेव्हा डेपोनं काय केलं? मेमो दिला. तेव्हा ह्यांना पिशवी नव्हती बरं का. पिशवी नसताना हे आजारी होते. हे एवढं डोक्यात पक्कं करा, कारण पुढे सगळा घोळ इथेच झालाय.

ऑपरेशन झालं, जीव वाचला. घरी आणलं. आणि आता मी ह्यांच्यावर रागावणार आहे. असे खाली बघू नका हो, इतकी वर्षं ऐकताय, आणखी एकदा ऐका. घरी आल्यावर ह्यांनी जेवणच सोडलं. आधी अर्धी पोळी, मग नुसता चहा, मग तोही नको. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मुलगी सासरहून भेटायला आली, तर पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. मला वाटलं, ऑपरेशनचा अशक्तपणा असेल. एक दिवस बाथरूममध्ये धाडकन पडले. उचलून दवाखान्यात नेलं. तिथे स्टोमाचं बघणाऱ्या सिस्टर होत्या, बुटक्याशा, आवाज मात्र वर्कशॉपच्या भोंग्यासारखा. त्यांनी ह्यांची जीभ बघितली, कातडी चिमटीत धरून बघितली आणि विचारलं, "जेवत नाही ना?"

ह्यांनी शर्ट खाली ओढला.

"पिशवी भरू नये म्हणून पोट रिकामं ठेवताय?"

ह्यांनी हळूच मान हलवली. मी तिथेच होते. मला पहिल्यांदा कळलं. माझ्या घरात, मी रांधलेलं अन्न समोर ठेवून, हा माणूस लाजेपोटी उपाशी मरत होता! मी काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. सिस्टर म्हणाल्या, "ताई, तुम्ही थांबा, आधी मला बोलू द्या." आणि ह्यांना म्हणाल्या, "काका, ही पिशवी भरणं म्हणजे तुमची तब्येत चांगली असणं. रिकामी राहिली तर मला काळजी. खा, चावून खा, मीठ घातलेलं पाणी भरपूर प्या, आणि पुढच्या वेळी मला तक्रार करायला या, की सिस्टर, वजन वाढलंय."

वाढलं. हळूहळू सगळं जमलं. सुरुवातीला पिशवी बदलताना आम्ही दोघं अशी भांडायचो, की शेजारीण दार वाजवायची. पुढे पुढे आरशासमोर उभे राहून गाणं गुणगुणत हे एकटे बदलायला लागले. मी पँटची कंबर वर घेऊन शिवली, आतून मऊ अस्तर लावलं, सीटबेल्ट काचू नये म्हणून छोटी गादी केली. हे रोज सकाळी लांबवर चालायला लागले. नातीला पोहायला न्यायचे म्हणून स्वतःही पाण्यात उतरले. पिशवी पाण्यात सुटत नाही, मलाही तेव्हाच कळलं. कित्येक वर्षांनी आम्ही सिनेमा मध्येच न उठता शेवटपर्यंत पाहिला. तुम्हाला यात काय मोठं वाटणार! मी अंधारात बसून रडत होते, सिनेमा विनोदी होता.

मग डॉक्टरांनी सांगितलं, गाडी चालवायला हरकत नाही. ह्यांनी युनिफॉर्मला स्वतः इस्त्री केली. नवरदेवासारखे निघाले डेपोत. संध्याकाळी आले ते बुटांसकट पलंगावर बसले. मॅनेजर साहेब, तुम्ही तेव्हा नवेच होता. तुम्ही ह्यांना म्हणालात, "आता आराम करा, स्टोअरला बसा." आराम! स्टोअरमध्ये काय असतं हो? गिअरबॉक्स असतात, ब्रेकड्रम असतात, बॅटऱ्या असतात. ज्या माणसाला डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती, की जड उचलू नका, पोटाचा स्नायू फाटून आतडं बाहेर येईल, त्याला तुम्ही आराम म्हणून ब्रेकड्रम उचलायला बसवलंत. आणि स्टिअरिंग, जे एका बोटानं फिरतं, ते काढून घेतलंत. ह्याला म्हणतात सांभाळून घेणं?

आणि एवढ्यावर थांबला नाहीत. हे घरी काही बोलायचे नाहीत. एक दिवस मीठ-पाण्याची बाटली घरीच विसरले, म्हणून मी द्यायला आले. स्टोअरमध्ये हे नव्हते. विचारलं तर एकानं नुसतं बोट दाखवलं, गाड्या धुतात त्याच्या मागे. तिथे जुना संडास आहे. दिवा नाही, कडी नाही, धुण्याचं काळं पाणी आत येऊन साचतं. तिथे माझा नवरा मोबाईल दातांत धरून, त्याच्या उजेडात, एका हातानं दार ओढून धरून दुसऱ्या हातानं पिशवी रिकामी करत होता. ड्रायव्हर-कंडक्टर आराम करतात त्या रेस्टरूमचा संडास त्याला बंद होता. का, तर चार जणांनी तक्रार केली होती, की किळस येते. त्या चारांपैकी दोघांनी मघाशी ह्यांना पुष्पगुच्छ दिला. हसतमुखानं दिला. मी नावं घेणार नाही, त्यांनी आपापल्या बुटांकडे बघायला सुरुवात केलीच आहे.

हे म्हणाले, "बोलू नकोस गं. नोकरी आहे." मी ह्यांचा हात धरला आणि सरळ साहेबांच्या केबिनमध्ये नेलं. साहेब, आठवतंय ना? तुम्ही फार समजूतदारपणे म्हणालात, "वहिनी, माझा नाइलाज आहे. पॅसेंजरचा प्रश्न आहे. उद्या गाडीत वास आला तर?"

मी विचारलं, "आत्ता येतोय?"

"म्हणजे?"

"पिशवी ह्यांच्या पोटावरच आहे. तुमच्यापासून दोन हातांवर उभे आहेत. दार बंद आहे, पंखा बंद आहे. येतोय वास?"

तुम्ही खरंच नाकानं हुंगून पाहिलंत. तुमच्या प्रामाणिकपणाची तेवढी एक गोष्ट मी मान्य करते. म्हणालात, "नाही."

"मग उद्या ह्यांच्या मागच्या सीटवर बसा आणि पूर्ण फेरी करा."

तुम्ही बसलात. परत आलात तेव्हा झोप लागल्यामुळे तुमचे केस एका बाजूनं बसले होते. ह्यांना गाडी मिळाली. त्यानंतरची अकरा वर्षं हे रस्त्यावर होते. दोनदा पिशवी गळली. दोन्ही वेळा शेवटच्या स्टॉपवर जाऊन बदलली आणि गाडी वेळेत सोडली. एकाही पॅसेंजरला कळलं नाही. मेमो मिळाला नाही.

मंडळी, हे सगळं जुनं झालं, मी उगाळत बसले नसते. निरोपाच्या दिवशी कशाला! पण तुमची एक कंडक्टर मुलगी सहा महिने दवाखान्यात होती. तिलाही स्टोमा झाला. बरी होऊन आली, आणि तिला तुम्ही हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवलंत. तिला जायला सांगितलेला संडास कुठला? तोच. दिवा अजून नाही, मी आज येताना बघून आले.

ती आज मागे बसली आहे. तिला विचारूनच बोलतेय. काल घरी येऊन म्हणाली, "काकू, सगळ्यांना माहीतच आहे, कुजबुजतातच. तुम्ही एकदा मोठ्यानं सांगून टाका." ह्यांनी तिला पिशवीभोवतीची त्वचा कशी जपायची ते शिकवलं, मी तिच्या युनिफॉर्मची कंबर वर घेऊन दिली. ती उत्तम आहे. काल आमच्याकडे ती माझ्यापेक्षा जास्त जेवली. तिला गाडीवर जायचंय.

तर साहेब, तुमच्या हातात माईक देते. सोमवारी ती कुठे असेल?

... नाही, 'बघू' नको. ह्यांनाही तुम्ही 'बघू'च म्हणाला होतात.

... मोठ्यानं बोला, मागे ऐकू जात नाही.

... गाडीवर. ऐकलंत सगळ्यांनी? आणि रेस्टरूमचा संडास? ... सगळ्यांसाठी खुला. सेक्रेटरी साहेब, मान हलवू नका, तोंडानं हो म्हणा. ... धन्यवाद.

आणि हे काय, तुम्ही कशाला उठलात? इतकी वर्षं माझी बाही ओढून मला खाली बसवणारे तुम्ही! ... बरं, बोला.

... ऐकलंत का मागच्यांनी? हे म्हणतात, "तिला कुठला रूट हवाय ते तिलाच विचारा."

बोल, बाळ. उभी राहून बोल.

... स्टेशन ते विद्यापीठ. सगळ्यात गर्दीचा मागितला पोरीनं! टाळ्या नंतर वाजवा, साहेबांना आधी लिहून घेऊ द्या.

अध्यक्ष महोदयांनी मला मध्येच थांबवलं नाही, याबद्दल त्यांची ऋणी आहे. तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलताना माझा आवाज चढला असेल, मानापमानाचा क्रम चुकला असेल, चहा तर नक्कीच गार झाला असेल. तेवढ्याबद्दल आपण उदार मनानं क्षमा करावी. बाकी जे बोलले, त्यातल्या एकाही शब्दाची क्षमा मी मागत नाही.